वाढत्या हाडाला भार कळतो कसा?

१३ डिसेंबर जवळ आला की वारणाकाठच्या तालमींत मेहनत वाढते. वारणेच्या सहकाराचे संस्थापक तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीला वारणानगरात कुस्तीचं मैदान भरतं. दहा-बारा वर्षांचं पोरगं लांग लावून हौदात उतरू लागलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘एवढ्यात जोर-बैठका नकोत, उंची खुंटेल.’ वस्तादांचं मत उलट असतं : अंगाला माती कोवळ्या वयातच लागली पाहिजे. दोघंही पोटतिडकीने बोलतात आणि दोघांकडेही दाखवायला उदाहरणं असतात. याच दिवसांत आजूबाजूच्या शिवारात ऊसतोड जोरात असते. बीड-अहिल्यानगरकडच्या टोळ्यांबरोबर आलेली त्याच वयाची मुलं वाढं गोळा करतात, मोळी बांधायला हात लावतात, पाण्याच्या कळशा वाहतात. त्यांची उंची खुंटेल का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. वाढणाऱ्या हाडावर भार पडला की त्याची वाढ मंदावते, की जोम धरते? दीडशेहून अधिक वर्षं वैद्यक आणि यंत्रशास्त्र मिळून याचं उत्तर शोधत आहेत, आणि गेल्या चाळीस वर्षांत हा शोध बराचसा संगणकावर आला आहे. माझं मत आधीच सांगतो : या गणितांनी घरच्यांची भीती बऱ्याच अंशी निराधार ठरवली आहे, वस्तादांना मोकळं रान मात्र दिलेलं नाही, आणि खरी काळजी कुठे करायला हवी ती जागा दाखवली आहे.

हाड लांबीने वाढतं ते टोकांपाशी, मधून नव्हे. १७२७ मध्ये इंग्लंडच्या स्टीफन हेल्स यांनी आपला एक साधा प्रयोग छापला. कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडाला त्यांनी ठरावीक अंतरावर दोन बारीक भोकं पाडली. पिलू मोठं झाल्यावर पाहिलं तर हाड लांबलं होतं, भोकांमधलं अंतर मात्र होतं तेवढंच राहिलं होतं. वाढ होते ती हाडाच्या टोकाजवळच्या कूर्चेच्या पातळ थरात. नाकाचा शेंडा जिचा बनलेला असतो तीच ही कूर्चा. डॉक्टर या थराला ग्रोथ प्लेट म्हणतात, आपण वाढपट्टी म्हणू. मुलाच्या गुडघ्याचा एक्स-रे पाहिला तर हाडाच्या टोकाजवळ आडवी काळी रेघ दिसते. अजाणत्याला ती मोडल्याची खूण वाटते. खरं तर हाड तिथेच तयार होत असतं. पायाच्या लांबीतली जवळजवळ दोन तृतीयांश वाढ गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या वाढपट्टीतून येते.

ही पट्टी एक-दोन मिलिमीटर जाडीची असते, पण तिच्यात तीन वेगळे थर असतात. एका बाजूला राखीव पेशी विखरून बसलेल्या असतात. त्यांच्या खाली पेशी भराभर दुभंगतात आणि नाण्यांच्या चळतीसारख्या उभ्या रांगा लावतात. त्याखाली त्याच पेशी फुगू लागतात, आकारमानाने दहापटीपर्यंत. मग त्यांच्या भोवतीचा भराव चुन्याने कडक होतो आणि त्यांची जागा हाड घेतं. उंचीचा मोठा वाटा या फुगण्यातून येतो. किंबर्ली कूपर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जर्बोआ या उड्या मारणाऱ्या वाळवंटी प्राण्यावर हे दाखवलं : त्याचे मागचे पाय इतके लांब होतात ते प्रामुख्याने तिथल्या कूर्चापेशी जास्त फुगतात म्हणून. थोडक्यात, ज्या पेशींवर शरीराचं वजन पडतं त्याच पेशींनी फुगून शरीर वर उचलायचं असतं.

१८६२ मध्ये कार्ल ह्यूटर आणि रिशार्ड फोल्कमान या दोन जर्मन शल्यचिकित्सकांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट नोंदवली : वाढपट्टीवर दाब राहिला तर वाढ मंदावते, दाब हटला किंवा ओढ बसली तर वेग धरते. हाच पुढे ह्यूटर-फोल्कमान नियम झाला. वाकड्या पाठीच्या आणि वाकड्या पायांच्या मुलांवर उपचार करताना डॉक्टर आजही त्याचाच आधार घेतात. पण किती दाबाला किती मंदावते, हा आकडा त्यात नव्हता. तो मिळायला जवळजवळ दीड शतक लागलं. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात इयान स्टोक्स आणि सहकाऱ्यांनी उंदीर, ससे आणि वासरं अशा तीन प्राण्यांच्या वाढपट्ट्यांवर बाहेरून चौकट बसवून मोजून-मापून दाब आणि ओढ दिली. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दर ०.१ मेगापास्कल दाबामागे वाढीचा वेग सरासरी १७ टक्क्यांनी घटतो आणि तेवढ्याच ओढीने साधारण त्याच प्रमाणात वाढतो. ०.१ मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो.

हा आकडा हाती धरून एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे, कारण पुढच्या सगळ्या वादाचं मूळ त्यात आहे. मूल ३० किलोचं धरू, म्हणजे ३०० न्यूटन. मोठ्या माणसांच्या कृत्रिम गुडघ्यांत बसवलेल्या मापकांवरून कळलं आहे की चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो. पाऊल एक असलं तरी स्नायूही सांध्याला आवळून धरतात. तोच पट मुलाला लावला तर ७५० न्यूटन झाले. नडगीच्या वरच्या वाढपट्टीचं क्षेत्रफळ हिशेबापुरतं १५ चौरस सेंटिमीटर धरू. भागाकार केला की ०.५ मेगापास्कल येतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाच किलो. स्टोक्स यांचा आकडा जसाच्या तसा लावला तर वाढ ८५ टक्क्यांनी घटायला हवी. म्हणजे चालणारं प्रत्येक मूल खुजं राहायला हवं. तसं होत नाही. मग चूक कुठे आहे?

स्टोक्स यांचा दाब सतत होता. पावलाचा दाब क्षणभराचा असतो. मुलाची एका पायाची पाच हजार पावलं धरली आणि प्रत्येक पावलाला भार ०.६ सेकंद टिकला, तर दिवसाकाठी तीन हजार सेकंद होतात, म्हणजे दिवसाचे साडेतीन टक्के. ०.५ मेगापास्कल दिवसभरात पसरले तर सरासरी पडते ०.०१७, आणि घट उरते तीन टक्क्यांच्या आसपास. आता तालमीकडे या. पाचशे बैठका, प्रत्येकीला दोन सेकंद, आणि खोल बैठकीत प्रत्येक गुडघ्यावर वजनाच्या चौपट भार, असं सढळ हाताने धरलं तरी दिवसाची सरासरी ०.००९ मेगापास्कलच्या आसपासच राहते. घट दीड टक्का. नडगीची वरची वाढपट्टी वर्षाला सहा मिलिमीटरच्या आसपास वाढते. त्याचा दीड टक्का म्हणजे वर्षाकाठी मिलिमीटरचा दहावा हिस्सा. तो कुणाच्या डोळ्यांना दिसणार नाही.

हा हिशेब ओबडधोबड आहे, हे उघड आहे. दाबाची सरासरी काढून पेशीला लावायची, हे गृहीतकच वादग्रस्त आहे. पेशी सरासरी काढत बसते, की प्रत्येक ठोक्याला वेगळं उत्तर देते? या प्रश्नासाठीच संगणकाच्या प्रतिमानांची गरज पडली.

पहिलं मोठं पाऊल स्टॅनफर्ड विद्यापीठात डेनिस कार्टर यांनी १९८० च्या दशकात टाकलं. फायनाइट एलिमेंट ही पद्धत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचयाची आहे : पुलाचा किंवा यंत्राच्या भागाचा आकार हजारो छोट्या तुकड्यांत वाटायचा आणि प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते संगणकाकडून काढून घ्यायचं. कार्टर आणि मार्सी वाँग यांनी ती वाढत्या हाडाच्या कूर्चेच्या टोकाला लावली. त्यांनी ताणाचे दोन घटक वेगळे केले. एक, सगळ्या बाजूंनी सारखा आवळणारा दाब. दुसरा, थरांना एकमेकांवर सरकवू पाहणारा कातर ताण. त्यांचा सिद्धांत असा की थांबून-थांबून येणारा कातर ताण कूर्चेला हाड बनण्याकडे ढकलतो, आणि थांबून-थांबून येणारा आवळता दाब तिला कूर्चाच ठेवतो. एवढ्या दोनच नियमांवर चालवलेल्या गणितात, जन्मानंतर हाडाच्या टोकात हाडाचं जे वेगळं बेट उगवतं ते योग्य जागी उगवलं, आणि सांध्याच्या पृष्ठभागावर कूर्चेचा थर शिल्लक राहिला. १९९९ मध्ये स्टीव्हन्स, बोप्रे आणि कार्टर यांनी याला वाढीची जोड दिली : एकूण वाढ म्हणजे जैविक वाढ अधिक यांत्रिक वाढ. इतकं मोजकं गणित इतक्या जवळ पोचतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. त्या बेरजेतल्या पहिल्या पदाकडे मात्र पुन्हा यावं लागेल.

कार्टर यांच्या विद्यार्थिनी सँड्रा शेफेलबाइन यांनी २००४ मध्ये हे गणित आजारी मुलांकडे वळवलं. जन्मतः मांडीच्या हाडाची मान ३०-४० अंशांनी पुढे वळलेली असते. मूल चालू लागलं की हा पीळ हळूहळू सुटतो आणि मोठेपणी १५ अंशांच्या आसपास येतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांत तो सुटत नाही; गुडघे आत वळतात, चाल बिघडते. शेफेलबाइन यांनी निरोगी आणि बिघडलेल्या चालीतले भार प्रतिमानाला वेगवेगळे दिले, तेव्हा पहिल्यात पीळ सुटण्याकडे कल दिसला आणि दुसऱ्यात दिसला नाही. पीळ जन्मापासूनचाच होता, पण तो सुटला नाही तो भाराच्या दिशेमुळे. यानंतर कामाची एक वाट बसली : मुलाची चाल कॅमेऱ्यांनी टिपायची, ओपनसिमसारख्या मोफत आज्ञावलीतून प्रत्येक स्नायूचा जोर काढायचा, एमआरआयवरून वाढपट्टीचा खरा आकार घ्यायचा आणि मग वाढीचं भाकीत करायचं.

पण या सगळ्यात पेशी कुठे आहे? कार्टर यांच्या गणितात पेशी नाही, फक्त थर आहे. भार पेशीला कळतो कसा, हा प्रश्न त्याच्याही खालच्या पातळीचा.

कूर्चेचा बहुतांश भाग पाणी आहे, आणि ते पाणी कोलॅजनच्या जाळ्यात अडकलेलं असतं. व्हॅन मॉ आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये घन आणि द्रव अशा दोन घटकांचं मिळून कूर्चेचं गणित मांडलं आणि त्यातून एक कळीची गोष्ट कळली. भार झटकन आला आणि गेला तर पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. भार पाणीच उचलतं आणि पेशी फारशी चेपली जात नाही. भार तासन्तास राहिला तर पाणी झिरपून जातं, जाळं बसतं, पेशीही चपटी होते आणि तिच्याभोवतीच्या क्षारांचं प्रमाण बदलतं. पाऊल आणि चौकट यांतला फरक पेशीच्या पातळीवर हा असा आहे. शिवाय पेशी भोवतालच्या भरावापेक्षा शेकडो पटींनी मऊ असते आणि तिच्याभोवती मध्यम कडकपणाचं एक कवच असतं. मेम्फिस विद्यापीठातल्या गाओ, विल्यम्स आणि रोन यांनी एकात एक प्रतिमानं बसवून, म्हणजे आधी अख्खी पट्टी, मग तिच्यातली पेशींची एक रांग, मग एक पेशी, हे दाखवलं की वरून दिलेला भार सगळ्या थरांतल्या पेशींपर्यंत सारखा पोचत नाही. माँट्रियलमध्ये इझाबेल व्हिलम्यूर यांच्या गटाने डुकराच्या वाढपट्टीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली दाबून पाहिले, तेव्हाही दुभंगणाऱ्या आणि फुगणाऱ्या थरांतल्या पेशी राखीव थरापेक्षा जास्त चेपल्या गेल्या.

चेपल्या गेलेल्या पेशीला ते ‘समजतं’ ते तिच्या पडद्यातल्या दारांतून. आर्डेम पॅटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये पिएझो ही दारं शोधली : पडदा ताणला की ती उघडतात आणि कॅल्शियम आत येतं. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा वाटा होता. कूर्चापेशीत पिएझो मोठ्या, इजा करू शकणाऱ्या भाराला दाद देतात, आणि टीआरपीव्ही४ नावाचं दुसरं दार रोजच्या सौम्य भाराला. या दुसऱ्या दाराच्या जनुकात बिघाड असेल तर बुटकेपणाचे काही आनुवंशिक विकार होतात, हे २००८ पासून माहीत आहे. सगळ्या पुराव्यांत मला हा सर्वांत वजनदार वाटतो. भार जाणण्याशी जोडलेलं एक दार बिघडलं आणि माणसाचा सांगाडाच आखूड राहिला, याहून थेट साक्ष कोणती हवी?

शिवाय प्रत्येक कूर्चापेशीला एक अतिसूक्ष्म केस असतो, सिलियम. तो काढून टाकलेल्या उंदरांत पेशींना रांगा लावता येत नाहीत. ऑक्सफर्डच्या एका गटाने २०२२ मध्ये एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. किशोरवयीन उंदरांच्या कूर्चापेशींतून सिलियम बांधायला लागणारं एक प्रथिन काढून टाकलं, तर वाढपट्टीच्या कडेला हाड बनणं अडलं. त्याच उंदरांचा पाय लुळा करून भार कमी केला तर बिघाड टळला. आणि निरोगी उंदरांना चाकावर जास्त पळवलं तर त्यांच्यातही कडेला हाड बनणं तसंच अडलं. म्हणजे निरोगी पेशीत सिलियम रोजच्या भारापासून वाढीचं रक्षणही करत असतो.  

अशीच संरक्षणाची दुसरी सोय हाडाच्या टोकातल्या त्या बेटाची. स्वीडनमधल्या मेंग शिए, आंद्रेई चागिन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये जीवाश्म, वटवाघळं, जर्बोआ, उंदीर आणि गणित असं सगळं एका निबंधात गुंफलं. फुगणाऱ्या पेशी सगळ्यांत नाजूक. त्यांच्यावर थेट भार आला तर त्या मरतात. टोकात हाडाचं बेट तयार झालं की भार पसरतो आणि पेशी वाचतात. पाण्यातून जमिनीवर आलेल्या प्राण्यांना ही सोय लागली, हे त्यांचं अनुमान पटण्यासारखं आहे.

भाराची गोष्ट जन्माआधीच सुरू होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये स्टेफान फेरब्रुगन, निव्ह नाउलन आणि सहकाऱ्यांनी गर्भवतींच्या हलत्या एमआरआय चित्रांवरून पोटातल्या लाथेचा जोर काढला : विसाव्या आठवड्याला २९ न्यूटन, तिसाव्याला ४७, आणि जागा अपुरी पडू लागल्यावर पस्तिसाव्याला १७. ही हालचाल नसेल तर सांधे नीट घडत नाहीत. आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्ये अमिताभ बंद्योपाध्याय यांनी डब्लिनच्या पॉला मर्फी यांच्याबरोबर २०१८ मध्ये दाखवलं की गर्भाची हालचाल थांबली की सांध्याच्या जागी हाड बनवण्याचा संदेश नको तिथे पसरतो आणि जिथे कूर्चा राहायची तिथे हाड होऊ लागतं. भारतातून या विषयात झालेलं हे भक्कम काम आहे.

आता मतभेदाकडे. कार्टर यांचा पंथ म्हणतो, थांबून-थांबून येणारा योग्य प्रकारचा भार वाढीला उत्तेजन देतो. प्राण्यांवरचे प्रयोग इतके उदार नाहीत. रॉबलिंग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये उंदरांच्या पुढच्या पायावर भार दिला तेव्हा सतत दाबाने तर लांबी घटलीच, जोरदार ठोक्यांनीही घटली. व्हिलम्यूर यांच्या गटाला २०१४ मध्ये आढळलं की सरासरी दाब सारखा ठेवला तर थांबता दाब आणि सतत दाब वाढीला जवळपास सारखंच रोखतात; फरक एवढाच की थांबत्या दाबात पेशींच्या रांगा शाबूत राहतात. म्हणजे पेशी सरासरी काढते या बाजूचा एक पुरावा मिळाला, आणि वरचा आपला ओबडधोबड हिशेब अगदीच वाऱ्यावरचा नाही हेही कळलं. पण रांगा शाबूत राहणं ही लहान गोष्ट नाही. भार गेल्यावर वाढ भरून काढायची असेल तर रांगा लागतात.

आणि भार जातो कधी? रात्री. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या केनेथ नूनन, नॉर्मन विल्समन आणि सहकाऱ्यांनी कोकरांच्या नडगीत सूक्ष्म मापकं बसवून वाढ सतत मोजली. २००४ मध्ये आकडा प्रसिद्ध झाला : किमान ९० टक्के वाढ कोकरू आडवं पडलेलं असताना होते. उभं असताना वाढ जवळजवळ थांबते. पहाटे चारला उठवलेल्या आणि रात्री दहापर्यंत जागणाऱ्या पोरांच्या वस्तादांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दवाखान्यात या नियमाचा वापर गणिताच्या आधीपासून होतो. १९४९ मध्ये वॉल्टर ब्लाउंट यांनी वाढपट्टीच्या एका बाजूला पकडी ठोकून वाकडे गुडघे सरळ करण्याची पद्धत दिली. २००७ मध्ये पीटर स्टीव्हन्स यांनी त्याऐवजी दोन स्क्रूंची धातूची छोटी पट्टी आणली. ती एका बाजूची वाढ रोखते, दुसरी बाजू वाढत राहते, पाय सरळ झाला की पट्टी काढायची. मुडदुसाने वाकलेले पाय आपल्या भागात अजून दिसतात. त्यात ड जीवनसत्त्व आधी आणि शस्त्रक्रिया नंतर हा क्रम सोडता कामा नये. ओढीचा उपयोग पाहायचा तर वारणानगरहून मिरज दूर नाही. तिथे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी भारतात इलिझारोव्ह पद्धत रुजवली : हाड कापून, बाहेरच्या कड्यांनी दिवसाला एक मिलिमीटर, तेही पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा ताणत न्यायचं, की मधल्या फटीत नवं हाड भरतं. ती वाढपट्टी नव्हे, पण ओढ बसलेल्या पेशी हाड घडवतात याचा तो जिवंत दाखला आहे. वाकड्या पायाला लावलेली धातूची पट्टी किती महिने ठेवायची, काढल्यावर पाय पुन्हा किती वाकेल, हे आज अनुभवावर ठरतं. प्रतिमानांचा सगळ्यांत जवळचा उपयोग मला इथे दिसतो.

प्रतिमानांच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. त्यांत घातलेला कूर्चेचा कडकपणा वासरांचा, डुकरांचा, उंदरांचा आहे. निरोगी मुलाची वाढपट्टी कापून कुणी मोजणार नाही, मोजूही नये. पेशीच्या दारातून कॅल्शियम आत आलं इथपासून हाड अमुक मिलिमीटर लांबलं इथपर्यंत सलग समीकरण अजून कुणाकडे नाही. मधल्या उड्या अंदाजाच्या आहेत. आणि सर्वांत मोठी उणीव त्या बेरजेत आहे. जैविक वाढ अधिक यांत्रिक वाढ, यातलं पहिलं पद बहुतेक प्रतिमानांत ठरावीक धरतात, म्हणजे मूल पोटभर जेवतं आणि पुरेसं झोपतं हे गृहीत आहे. उपाशी मुलाची पेशी भाराला तेच उत्तर देते का? स्टॅनफर्ड किंवा माँट्रियलमध्ये हा प्रश्न तातडीचा वाटत नसेल. ऊसतोडीच्या फडावर तो पहिला प्रश्न आहे.

तरीही हाती जे आहे त्यावरून कौल देता येतो. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ संघटनेने २००८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये म्हटलं आहे की देखरेखीखाली, नीट आखलेल्या वजनाच्या व्यायामाने मुलांची उंची खुंटत नाही. गणितही तेच सांगतं. जोर, बैठका, दोर चढणं यांनी उंची खुंटण्याची भीती सोडून द्यावी. पण एकाच सांध्यावर रोज तासन्तास मारा झाला तर वाढपट्टी जखमी होते. जिम्नॅस्ट मुलींच्या मनगटात हे सिद्ध झालं आहे. म्हणून सांधा दुखतोय म्हणणाऱ्या पोराला वस्तादांनी ‘चोळ आणि उतर’ म्हणू नये. कुस्तीतला खरा धोका वजन तोडण्यात आहे. गट गाठण्यासाठी दहा-पंधरा वर्षांच्या मुलाला उपाशी-तहानेलं ठेवणं हा बेरजेच्या पहिल्या पदावरच घाव आहे.

ऊसतोड्यांच्या मुलांबाबतही हाच कौल, फक्त जास्त कठोर. १९६० च्या दशकात जपानच्या दुर्गम भागात ओझी वाहणाऱ्या मुलांची वाढ खुंटल्याची नोंद झाली, आणि ‘ओझ्याने उंची खुंटते’ हे म्हणणाऱ्यांनी तिचा वर्षानुवर्षं आधार घेतला. पण त्या मुलांचं पोट आणि त्यांची झोप वेगळी काढून कुणी दाखवली नाही. पहाटे फडावर निघालेल्या आईबरोबर उठणारं, खोपटात अर्धपोटी झोपणारं मूल डोक्यावर किती किलो घेतं, याच्या आधी ते किती तास झोपतं आणि काय खातं हे विचारायला हवं. ओझं त्याच्या डोक्यावर नसावं, हे तर कायद्याने आणि माणुसकीने ठरलेलंच आहे. त्यासाठी संगणकाच्या साक्षीची गरज नाही.

या प्रश्नावर काम करायला वारणानगरइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही. १९८३ पासून इथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जवळच नव्या पारगावला दंतवैद्यक महाविद्यालय आहे, आणि जबड्याच्या वाढत्या कूर्चेवरचा भार हा दंतवैद्यकाचाही प्रश्न आहे. १९९८ मध्ये परिसरातली ७० गावं संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प इथेच झाला. उसाचं वजन आणि बिलं त्या संगणकांवर गेली. आता मुलांची मोजमापं जावीत. कूर्चेच्या घन-द्रव गणितासाठी युटा आणि कोलंबिया विद्यापीठांनी बनवलेली फेबायो ही आज्ञावली मोफत मिळते. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना एका वाढपट्टीचं प्रतिमान उभं करणं आवाक्यातलं आहे. कमी आहे ती आपल्या मुलांच्या आकड्यांची.

म्हणून इथल्या प्राध्यापकांना, वस्तादांना आणि शिक्षकांना एक विनंती. तालमीतल्या मुलांची आणि साखरशाळेतल्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या, मुलांची उभी उंची, बसती उंची, वजन आणि झोपेचे तास दर तीन महिन्यांनी, पालकांच्या संमतीने आणि नावं गुप्त ठेवून, दोन-तीन हंगाम नोंदवा. ऊसतोड्यांची मुलं हंगाम संपला की गावी परततात, तेव्हा त्यांच्या नोंदीची एक प्रत आई-बापाच्या हाती द्या. भिंतीवरची पट्टी, वजनकाटा आणि एक वही यापलीकडे खर्च नाही. येत्या गळीत हंगामापासून सुरुवात करता येईल.